शनिवारची फेरी

भाद्रपद सरत आला तरी पावसानं पाय काढला नव्हता. गावाकडच्या कांदाचाळीत चार-पाच महिने दम धरून राहिलेला उन्हाळी कांदा आता ट्रकमधून उतरतानाच पाणी सोडत होता. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माल कमी आणि निवड जास्त, असे ते दिवस होते.

राजाबाई आणि तिच्या सहा बाया सकाळी सहाला गाळ्यावर बसत. बुडाखाली फाटकं बारदान, समोर ढीग. चांगला उजव्या हाताला, डागी डाव्या हाताला, सडका पाठीमागच्या पाटीत. दुपारपर्यंत कमरेचा खिळा ढिला होई आणि बोटांच्या चिरांत कांद्याचा चीक बसून त्या काळ्या पडत. राजाबाईचं नाक अख्ख्या लायनीत माहीत होतं. गोणी न उसवता ती नुसती वाकून सांगायची, यात सडका आहे किंवा नाही. गाळ्याचा शेठसुद्धा शंका आली की तिला हाक मारी.

गोजरानं गोणीची ओली बाजू फाडायला घेतली, तशी राजाबाईनं तिचा हात धरला.

"तिथं न्हाई. ओल दिसती तिथं सडका नसतो. पाणी खाली उतरतं. वरच्या अंगाला बघ."

गोजरानं वर बघितलं. एक कांदा बोटाखाली मऊ लागला. शेजारचा नुसता काळपट होता, तोही तिनं पाटीत टाकला. राजाबाईनं तो परत उचलला आणि पात्यानं मधोमध कापला. दोन पापुद्रे काळे, आत पांढरा, कडक.

"संशयावर फेकायचं न्हाई, गोजरा. कापून बघायचं."

"तुझं बरंय बाई. तुला देवानं नाक दिलं, आमाला नुसतं शिंकायला," गोजरा म्हणाली. ती पाटण तालुक्यातली. नवऱ्यामागं माथाडीत आली आणि इथंच म्हातारी व्हायला लागली होती.

तेवढ्यात हौसेराव गोणी घेऊन आला. राजाबाईचा धाकटा भाऊ, अठ्ठेचाळिशीचा. पूर्वी पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन तो शिट्टी वाजवत चालायचा. आज गोणी उतरवताना त्याचा तोल गेला, ती आपटली आणि दोन कांदे गटाराकडे घरंगळत गेले. तो भिंतीला टेकून बसला, गोजराची बाटली उचलली आणि एका दमात रिकामी केली.

"आरं, बाटली हाय का टाकी हाय?" गोजरा म्हणाली. "म्युनिसिपालटीला कळलं तर मीटर लावतील तुला."

"घशाला सारखी कोरड पडती, वैनी." तो हसला. हसताना त्याची गालफडं आत गेली. शर्टाच्या गळ्यातून खांद्याची हाडं वर आलेली दिसत होती. डाव्या पायाला त्यानं चिंधी बांधली होती.

"पायाला काय झालं?" राजाबाईनं विचारलं.

"हूक लागला. मागच्या महिन्यात. भरंल."

तो उठला आणि मुतारीकडे गेला. सकाळपासून चौथ्यांदा. राजाबाईनं ते मोजलं होतं. मोजायचं असं ठरवून नव्हे. तिला मोजायची सवयच होती. बारा वर्षं या भावानं दारू प्याली तेव्हा तिनं त्याच्या चालीतली पावलं मोजली होती. त्याआधी नवऱ्याची. नवरा दारूनंच गेला. भाऊ सहा वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीसमोर उभा राहिला, सोडली म्हणाला आणि खरंच सोडली. तरी तो समोरून आला की राजाबाई आधी त्याचे डोळे बघायची, मग ख्यालीखुशाली विचारायची.

तुर्भे गावात एका चिंचोळ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची मंडळी भरे. तीस-पस्तीस घरं, बहुतेक नगरकडची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातली भाकर खायची. आदल्या दिवशी दोन पंचांनी घरोघर फेरी मारायची, असा रिवाज गावाहून त्यांच्याबरोबर आला होता. दारात सलाम म्हणायचा, पाणी घ्यायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. कुणाशी अबोला आहे का? मनाला काही टोचतंय का? मंडळीनं तुमच्यासाठी काही करायला हवं का? विचारायचं, उत्तर ऐकायचं, प्रार्थना करून उठायचं.

राजाबाई पंच होती. बाईमाणसांत पहिलीच. प्रभुभोजनाची भाकरही तीच करायची. मीठ आणि लिंबू घेऊन कोपरापर्यंत हात घासायची आणि मग बिनखमिराची कणीक मळायची. तरी कुणीतरी म्हणायचंच, राजाबाईच्या भाकरीला कांद्याची चव असते.

त्या शनिवारी तिच्याबरोबर मारोती होता. रिक्षा चालवणारा, कमी बोलणारा माणूस. सात घरं झाली, आठवं हौसेरावाचं.

हौसेराव दुपारी तीन वाजता जमिनीवर आडवा होता. उशाशी पाण्याची कळशी. त्याची बायको सुनयना घाईघाईनं उठली आणि तिनं पंखा वाढवला.

"जरा पडलेत. अंगात कणकण हाय."

"हौशा," राजाबाईनं हाक मारली.

त्यानं डोळे उघडले. उठताना हात भिंतीवर गेला, भिंत सापडली नाही. "आक्का... ये, बस." जीभ जड होती. राजाबाई वाकली आणि तिला वास आला.

आंबूस. गोडूस. त्याच्या खाली अजून काहीतरी होतं, बारीक, नाकाच्या वरच्या टोकाला झोंबणारं. ते क्षणभर तिच्या ध्यानात आलं. गोणीवर वाकली असती तर ती तिथंच थांबली असती. इथं ती सरळ उभी राहिली.

"वास येतोय," ती म्हणाली.

"कशाचा?" सुनयनानं विचारलं.

"तुला म्हाईत न्हाई?"

सुनयनाचा चेहरा उतरला. "वन्सं, देवाशप्पथ, घरात थेंब न्हाई. तुमी म्होरी बघा, पलंगाखाली बघा."

"मी काय बघायचं? माझं आयुष्य गेलं बघण्यात."

हौसेराव एकीकडून दुसरीकडे बघत होता. शाळेत छडी कशासाठी बसली हे न कळलेल्या पोरासारखा. "आक्का, मी न्हाई प्यालो गं."

"सगळे हेच म्हणतात."

मारोती चुळबुळला. "राजाबाई, ते प्रश्न..."

"प्रश्न शुद्धीतल्या माणसाला विचारायचे, मारोतीभाऊ. माझा भाऊ हाय म्हणून झाकलं, असं उद्या कुणी म्हणायला नगं."

पाणी न पिता ती जिना उतरली.  मनात राग होता, शरम होती, आणि आपण कच खाल्ली नाही याचं एक समाधानही होतं. सगळ्यात जास्त तिला ते समाधान जाणवलं.

रविवारी सकाळी मंडळीचे धर्मगुरू नंदकिशोर पाळक यांनी व्हरांड्यात तिला बाजूला घेतलं. तरुण माणूस, कामोठ्याहून बाइकवर यायचा. रेनकोटातून पाणी ठिबकत होतं.

"हौसेरावांबद्दल खात्री आहे?"

"साहेब, हे नाक चुकत न्हाई."

"तुम्ही दोघं त्यांच्याशी बोललात ना?"

"भेटून आलो," राजाबाई म्हणाली. मारोती जिन्याखाली रिक्षाचा पडदा बांधत होता.

पाळकांनी मान हलवली. हौसेरावानं तूर्त भोजनात भाग घेऊ नये, पुढच्या महिन्यात बोलू, असं ठरलं. नाव पुकारण्याची पद्धत नव्हती; पण अशा माणसानं मागच्या बाकावर बसायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हौसेराव आला. इस्त्रीचा शर्ट, एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. मागच्या बाकावर बसला. उपासनेत दोनदा उठून बाहेर गेला. तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे न बघता खाकरली. राजाबाई भाकरीचं ताट घेऊन रांगेरांगेनं मागे आली. शेवटच्या बाकापाशी त्याचे हात मांडीवर ओंजळीसारखे जुळलेले होते. सवयीनं. तिनं ताट जवळ ओढलं आणि वळली. वळताना पुन्हा तो वास आला, आणि तिनं श्वास धरला.

सोमवारी मार्केटात मुकादमाला कळलेलं होतं. प्यालेला माणूस गोणीखाली मेला तर जबाब मी देऊ का, असं म्हणून त्यानं हौसेरावाला परत पाठवलं. मंगळवारी तो आलाच नाही. बुधवारीही नाही.

"भाऊ कुठाय तुझा?" गोजरानं विचारलं.

"घरात. झोपला आसंल."

"जाऊन बघितलंस?"

राजाबाईनं कांदा डावीकडे टाकला. गोजरानं तो उचलून उजवीकडे ठेवला. "चांगला होता," ती म्हणाली. 

गुरुवारी काम लवकर संपलं. राजाबाई घरी आली तर खोलीत पाऊल टाकताच उंबऱ्यातच थबकली. तोच वास. आंबूस नव्हे, गोडूसही नव्हे. ते खालचं, बारीक, नाकाच्या टोकाला झोंबणारं. ती खोलीभर फिरली. ओट्यापाशी गेली, मोरीपाशी गेली, कपाट उघडलं.

"काय शोधताय, आई?" सून विचारत होती. उज्वला महाप्याला एका कंपनीत पॅकिंगला होती. सुट्टीच्या दिवशी रंगवलेली नखं कामावर चालत नाहीत म्हणून खिडकीत बसून ती पुसत होती.

"कसला वास येतोय हा?"

"हा?" उज्वलानं हातातली छोटी बाटली वर धरली. "रिमूव्हर. नेलपॉलिश काढायचं."

राजाबाईनं कापसाचा बोळा तिच्या हातातून घेतला आणि नाकाशी धरला. डोळे मिटले. बराच वेळ तशीच उभी राहिली.

"आई?"

"हे कुणी पितं का गं?"

"रिमूव्हर? काहीतरीच काय! मरेल ना माणूस."

"हौशाच्या तोंडाला ह्योच वास येतोय," राजाबाई म्हणाली. "माझ्या भावाच्या तोंडाला." आणि चप्पल न घालता जिना उतरायला लागली. उज्वला मागोमाग धावली.

हौसेराव शनिवारी होता तिथंच होता. पण आता त्याचा श्वास ऐकू येत होता. लांब, खोल, भरभर. जिना धावत चढून आल्यासारखा. ओठांना पापुद्रे आलेले. सुनयना भिंतीशी बसली होती. दोन दिवसांत तिनं एकदाही शेजारी हाक मारली नव्हती. दारुड्याच्या बायकोला कोण येतं, हे तिला बारा वर्षांत कळून चुकलं होतं.

राजाबाई गुडघ्यांवर बसली. "हौशा, आरं कुठं दुखतंय? कधीपासनं आसं होतंय? सांग की रं."

त्यानं डोळे उघडले, पण ती दिसली नसावी. तिनं त्याच्या पायाची चिंधी सोडली. करंगळी काळी पडली होती, आणि तिथून वर घोट्यापर्यंत लाल, गरम, तकतकीत. मऊ झालेल्या जागेवर तिचा अंगठा आपोआप गेला आणि तिथंच थांबला.

मारोतीची रिक्षा पाच मिनिटांत आली. दवाखान्यात अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली जागरण. ती हौसेरावावर वाकली, आणि राजाबाईनं पाहिलं, तिनंही नाक पुढे केलं. वास घेतला. पण ती सरळ उभी राहिली नाही. वाकूनच सुनयनाला विचारू लागली. पाणी किती पितात? लघवीला किती वेळा? वजन उतरलं? जखम कधीची? प्रत्येक उत्तराला थांबत होती. मग बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडासुद्धा उमटला नाही. नुसती दोन अक्षरं आली.

"साखर आहे. मोजता येत नाही इतकी. पायातलं विष वर चढलंय," ती म्हणाली. "शरीरातली साखर जळत नाही तेव्हा चरबी जळते. त्याचा हा वास. लोकांना दारू वाटते." मग राजाबाईकडे बघून, सहजच: "तुम्हाला आला होता का हा वास?"

"आला होता."

"कधी?"

"शनिवारी."

 डॉक्टरिणीनं ते कागदावर लिहिलं आणि ती सलाइनकडे वळली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं राजाबाईला वाटलं.

पहिले दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं पाणी मागितलं. पाचव्या दिवशी करंगळी काढली. राजाबाई सकाळी निवडीला जाई, दुपारी दवाखान्यात. त्याच्याजवळ बसत नसे. पायथ्याशी स्टुलावर बसून पायाच्या पट्टीकडे बघत राही. हौसेराव बहुतेक वेळ झोपलेला असे. जागा असला तर छताकडे बघे.

गोजरा एकदा भेटायला आली, पेरू घेऊन. डॉक्टरांनी विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत म्हटल्यावर स्वतःच एक खात बसली. खाता खाता म्हणाली, "राजे, एक बोलू? रागवू नगंस."

"बोल."

"कांदा कापून बघतीस. भावाला नुसता हुंगलास."

राजाबाई रागावली नाही. उठून जिन्यापाशी गेली आणि तिथं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत बसून, पदर तोंडात धरून रडली.

पुढच्या फेरीच्या आधी ती पाळकांना भेटायला गेली. मारोतीलाही नेलं.

"साहेब, शनिवारी आम्ही तीन प्रश्न विचारले न्हाईत. एकसुद्धा. मारोतीभाऊ म्हणत होता, मीच थांबवलं. तुमी इचारलंत तवा भेटून आलो म्हणाले. मला पंचातून काढा. हे नाक मंडळीच्या कामाचं न्हाई."

"हौसेरावांना उभं राहून चार शब्द बोलायला सांगावं," मारोती मध्येच म्हणाला. "म्हणजे रीतसर परत घेता येतील."

"त्यानं काय बोलायचं, मारोतीभाऊ?" राजाबाई म्हणाली. "त्याला साखर झाली, हे?"



पाळक बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-घालत होते. "वास आला हे काही चुकलं नाही, राजाबाई," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला आला नसता तर गुरुवारीसुद्धा कळलं नसतं. पारख तुम्हाला दिलेली आहे. निकाल नव्हता दिलेला. आणि मीही तुमच्या शब्दावर निकाल लावला, त्यांच्या घरी न जाता. मी बाइक तुर्भ्यापर्यंत आणतो, दोन गल्ल्या पुढे नेता आली असती." टोपण बसवलं. "काढत नाही. फेरीला जा. पण प्रश्न विचारल्याशिवाय जिना उतरायचा नाही."

शनिवारी ती फेरीला गेली. सात घरं झाली, आठव्या जिन्याखाली मारोती म्हणाला, "मी येऊ?" ती म्हणाली, "ये." वर हौसेराव खुर्चीवर बसला होता, पाय उशीवर. घरी येऊन चार दिवस झाले होते.

"सलाम," राजाबाई म्हणाली. पाणी आलं, ते तिनं उभ्यानं सगळं प्यालं. मग खाली बसली आणि विचारलं, "हौसेराव, कुणाशी अबोला हाय का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. पंखा फिरत होता.

"हाय," तो म्हणाला.

ती ऐकत राहिली. ऐकायचंच होतं. त्यानं पुढे काही सांगितलं नाही, आणि तिनं कुणाशी ते विचारलं नाही. दुसरा प्रश्न विचारला. तो म्हणाला, पाय टोचतो. तिसरा विचारला. त्यावर सुनयना म्हणाली, रोज सुई द्यायला शिकवलंय, पण माझा हात थरथरतो. राजाबाईनं विचारलं, सकाळी किती वाजता? सुनयना म्हणाली, साडेपाचला.

"मार्केटच्या आधी येत जाईन," राजाबाई म्हणाली.

रविवारी हौसेराव काठी टेकत आला. सगळ्यांना वाटलं, तो पुढे येईल. पाळकांनी पहिल्या रांगेत जागा ठेवली होती. तो मागच्याच बाकावर बसला. बोलवायला गेलेल्या मारोतीला म्हणाला, "इथं बरंय. बाहेर जायला जवळ."

भोजनाची वेळ झाली. राजाबाईनं ताट उचललं. पुढच्या रांगेतली माणसं हात पुढे करून बसली होती. ती त्यांच्या मधून सरळ मागे चालत गेली. शेवटच्या बाकापाशी पोचली आणि तिला ताट पुढे धरवेना. ती त्याच्या शेजारी बाकावरच बसली, ताट मांडीवर घेऊन. पेटी वाजवणाऱ्यानं सूर लांबवला.

 मग हौसेरावानं मान तिच्याकडे वळवली आणि तोंड जवळ आणून हळूच श्वास सोडला.

"आक्का. आज कसला वास येतोय?"

तिनं खरोखरच वास घेतला. नीट, डोळे मिटून, घाई न करता.

"कांद्याचा," ती म्हणाली.

"तो तुझ्या हाताचा," हौसेराव म्हणाला, आणि ताटातला तुकडा उचलला.